पाणी तोडलेले तेरा दिवस

शेवंता शिंत्रे आमच्या संस्थेत काचघर सांभाळायची. धारवाडातली शेती-संशोधनाची संस्था. मी ग्रंथालयात होते आणि ती मागच्या आवारात, त्यामुळे कामाच्या निमित्ताने आमची गाठ क्वचितच पडायची. ओळख झाली ती बसमध्ये. दोघी हुबळीहून यायचो. मी विद्यानगरला चढायचे तेव्हा ती आधीच खिडकीशी बसलेली असायची, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून. "बसा सीताक्का," म्हणायची आणि पिशवी मांडीवर घ्यायची. पुढचा अर्धा-पाऊण तास बहुतेक गप्पच.

तिचं घर हुबळीतल्या कमरीपेठेत. नवरा मधुकर जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतो. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. आजेसासरे कधीकाळी निपाणीकडून आलेले, तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. शेवंताची शाळा सातवीपर्यंत झाली, तीही कानडीत. काचघराच्या वहीत ती कानडीतच लिहायची आणि आमच्याकडचे शास्त्रज्ञ ती वही न कुरकुरता वाचायचे, कारण तिच्याइतकं बारीक दुसरं कोणी बघत नव्हतं. कोणत्या कुंडीतलं पान दुपारी वळलं, कोणतं संध्याकाळी परत उघडलं, सगळं तिच्या वहीत असे.

तिला एकच मुलगी, पल्लवी. विद्यानगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. शेवंता आपणहून बोलायची तेव्हा पल्लवीबद्दलच.

त्या सुमारास आमच्याकडे डॉ. सुधींद्र नावाचे एक शास्त्रज्ञ भातावर काम करत होते. धारवाडच्या पश्चिमेला, कलघटगीकडे, भात लावत नाहीत, पेरतात. जून-जुलैच्या पावसावर ते उठतं, आणि ऑगस्टात पाऊस पंधरा दिवस दडी मारून बसला की उभं पीक वाळून जातं. सुधींद्रना त्या भाताच्या अंगात एक साखर तयार व्हायला हवी होती. तिचं नाव ट्रेहॅलोज. यीस्टमध्ये असते, अळंब्यांत असते, वाळवंटात वर्षभर कोरड्या पडून पावसाच्या दोन थेंबांवर हिरव्या होणाऱ्या काही वनस्पतींतही असते. भातातही ती असते, पण नावापुरती. सुधींद्रनी दुसरीकडून जनुक आणून भातात घातलं होतं, ती साखर भरपूर व्हावी म्हणून.

हे शेवंताला समजावलं पल्लवीने. शेवंतानेच मला बसमध्ये सांगितलं. "पोरगी म्हणते, मम्मी, बांगड्यांच्या खोक्यात काड भरतात की नाही, तसं आहे हे. पाणी निघून गेलं की आत सगळं एकमेकांवर आपटून फुटतं. ही साखर पाण्याच्या जागी जाऊन बसते आणि फुटू देत नाही." एवढं सांगून ती हसली होती. "सरांनी तीन वेळा सांगितलं, मला कळलं नव्हतं. हिनं एकदा सांगितलं."

पहिली दोन वर्षं वाया गेली. साखर झाली, पण रोपं खुरटली. वीतभर उंचीची, मुळं आखूड, पानं जाड. पाणी असो नसो, रोप सारखी साखरच करत बसायचं आणि वाढायला त्याच्याकडे काही उरायचं नाही. मग सुधींद्रनी जनुकाला अशी कळ जोडली की तहान लागली तरच ते जागं व्हावं. पुन्हा नव्याने रोपं केली. अशा तीन वेगवेगळ्या, नंबर दिलेल्या वाणांची आणि साध्या भाताची मिळून अठ्ठेचाळीस कुंड्या आतल्या खोलीत मांडल्या. बाहेरचं जनुक घातलेल्या झाडाचा परागही बाहेर जाता कामा नये असा नियम आहे, म्हणून त्या खोलीला दोन दारं आणि वेगळं कुलूप. त्याच्या दोन किल्ल्या होत्या. सुधींद्रची कधीच हरवली होती आणि नवी करून घ्यायची राहून गेली होती. दुसरी शेवंताच्या कमरेला असायची.

हे सगळं कोविडच्या पुढच्या वर्षीचं. ऑक्टोबरात पल्लवीला ताप आला. तिसऱ्या दिवशी डेंगू निघाला. हुबळीतल्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. सुधींद्र त्या वेळी प्रशिक्षणासाठी हैदराबादला होते. शेवंता पहाटेच्या बसने धारवाडला यायची, आतल्या कुंड्यांना पाणी घालायची आणि नऊच्या आत दवाखान्यात परतायची. मी म्हटलं, "अगं, सुट्टी घे." ती म्हणाली, "तिथं बाहेरच तर बसवून ठेवतात, सीताक्का. हात रिकामे राहिले की डोकं फिरतं."

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी पल्लवीच्या फुप्फुसांभोवती पाणी साठलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. तोंडाने काही द्यायचं नाही असं सिस्टरने बजावून सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या दिवशी सकाळी शेवंता पाणी घालून परतली, तिला पाच मिनिटांसाठी आत सोडलं. पल्लवीने मास्क बाजूला सारून पाणी मागितलं. शेवंताने दिलं नाही. मास्क परत नीट बसवला आणि म्हणाली, "संध्याकाळी देतील हं, डॉक्टरांनी सांगितलंय." दुपारी तीन वाजता पल्लवी गेली. एकोणीस वर्षांची होती.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कमरीपेठेत जाऊन आले. मधुकर दुकानाच्या बंद फळ्यांपाशी बसला होता, हातात तारेचं एक भेंडोळं घेऊन, नुसताच. शेवंता आत भिंतीला टेकून होती. मला बघून तिने शेजारची जागा हाताने साफ केली, बसमध्ये पिशवी उचलायची तशी. आम्ही बसून राहिलो.

इकडे संस्थेत गोविंद नावाचा माणूस बाहेरच्या बाकांवरच्या रोपांना पाणी घालत होता. आतल्या दारापर्यंत तोही गेला, कुलूप बघितलं आणि परत आला. सुतकातल्या घरी किल्ली मागायला कोण जाणार?

दहाव्या दिवशी सुधींद्र हैदराबादहून आले. स्टेशनवरून ते थेट कमरीपेठेतच गेले. नंतर त्यांनीच मला सांगितलं. पुढच्या खोलीत बसले होते, मधुकरने तांब्या-भांडं आणून ठेवलं, आणि समोरच्या खिळ्याला आतल्या खोलीची किल्ली लटकत होती. त्यांची तीन वर्षं त्या कुलपामागे होती. अर्धा तास बसून, नमस्कार करून, ते उठले.

"मागता आली नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"विचार आला होता," ते म्हणाले. "पण ते माणूस समोर बसलेलं होतं, सीताक्का. आणि दहा दिवस झालेच होते. म्हटलं, व्हायचं ते झालं असेल."

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी शेवंता कामावर आली. कुलूप काढून आत गेली. अठ्ठेचाळीस कुंड्यांत अठ्ठेचाळीस वाळलेली काडं. मातीला बोटभर भेगा. काळी माती आणि ऑक्टोबरची हवा, म्हणून आठवडाभर ओल टिकली असेल, पण त्यापुढे काही नाही. सुधींद्र तिच्या मागून आत आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "राहू दे अक्का. पुढच्या महिन्यात पुन्हा पेरू."

तिने नळी जोडली. "घालते सर," म्हणाली.

"आता काय उपयोग?"

"नसू दे की. घालते."

चार दिवस ती रोज सकाळी त्या काडांना पाणी घालत राहिली. कोणी तिला अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं, बाई दुःखात आहे, करू दे. पाचव्या दिवशी सकाळी तिने गोविंदला ग्रंथालयात पाठवलं, सुधींद्र तिथे वाचत बसले होते. मीही त्यांच्या मागोमाग गेले. मागच्या रांगेत, अकरा नंबरच्या वाणाच्या कुंड्यांत, वाळक्या काडांच्या मधोमध नव्या पानाचा पोंगा वर आला होता. अर्ध्या बोटाएवढा, पोपटी. बारा कुंड्यांपैकी नऊ कुंड्यांत. बाकीच्या दोन वाणांत काही नाही, साध्या भातात काही नाही.

सुधींद्र फरशीवर उकिडवे बसले. बराच वेळ एकेक कुंडी बघत होते. मग खिशातून वही काढली आणि शास्त्रज्ञ विचारतो तसं विचारलं, "अक्का, शेवटचं पाणी कधी घातलं होतं?"

शेवंताने तारीख सांगितली. "सकाळी सात वाजता," म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं आणि मग त्यांचा हात थांबला. ती तारीख कोणती ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी वर बघितलं तेव्हा शेवंता नळी गुंडाळत होती.

असं एकदा घडून चालत नाही. शास्त्रात ती गोष्ट ठरवून, मोजून, पुन्हा पुन्हा करून दाखवावी लागते. नव्या कुंड्या भरल्या, रोपं दीड महिन्याची झाली, आणि जानेवारीत ठरवून पाणी तोडलं. तेरा दिवस, कारण पहिल्यांदा तेच झालं होतं. शेवंताने रोज फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं.

पहिले काही दिवस तिने नीट लिहिलं. सहाव्या दिवसापासून बसमध्ये ती डोळे मिटून बसायला लागली. नवव्या दिवशी दुपारी ती ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. सुधींद्र माझ्या टेबलापाशीच होते.

"सर," ती म्हणाली, "मी काल पाणी घातलं."

"कुठल्या कुंड्यांना?"

"सगळ्या कुंड्यांना. भरपूर."

तो सगळा प्रयोग फुकट गेला होता. अठ्ठेचाळीस कुंड्या, दोन महिने. सुधींद्र रागीट नव्हते, पण कामाच्या बाबतीत कडक होते. त्यांनी चष्मा काढला. "शेवंताक्का, तुम्हाला माहीत होतं ना तेरा दिवस घालायचं नाही म्हणून?"

"माहीत होतं."

"मग?"

तिने दाराची चौकट धरली होती. "पानं वळली होती, सर. सुतळीसारखी. मी रोज जाते, बघते, लिहिते आणि दार लावून येते. नळी तिथंच असते." मग म्हणाली, "पोरीनं मागितलं होतं. शेवटच्या दिवशी. मी दिलं नाही. संध्याकाळी देतील म्हणून सांगितलं. घोटभर तर मागत होती."

तोपर्यंत आम्हाला हे माहीत नव्हतं. मधुकरलाही तिने सांगितलं नव्हतं, असं पुढे कळलं.

सुधींद्र म्हणाले, "तुम्ही दिलं असतं तरी..." आणि वाक्य तसंच सोडलं. डॉक्टरांनीही तिला तेच सांगितलं असेल, शेजाऱ्यांनीही. ती म्हणाली, "ते कळतं मला. कळून काय करायचं?"

मी तिला खुर्चीवर बसवलं. सुधींद्र खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग परत येऊन म्हणाले, "अक्का, किल्ली माझ्याकडे द्या. तेरा दिवस मी आत जाईन, मी लिहीन. तुम्ही त्या दिवसांत बाहेरच्या बाकांवर राहा. चौदाव्या दिवशी सकाळी किल्ली तुमच्या हातात देईन. पाणी तुम्ही घाला."

"आणि हे वाया गेलं त्याचं?"

"पुन्हा पेरू."

पुढच्या दोन वर्षांत तो प्रयोग चार वेळा झाला, चारही वेळा असाच. तेरा दिवस सुधींद्र, चौदाव्या दिवशी शेवंता. त्या दिवशी ती पहिल्या बसने यायची. अकरा नंबरचं भात चारही वेळा उठलं. बारापैकी कधी आठ, कधी दहा. उठलेल्या रोपांना लोंब्याही आल्या, हलक्या, पण दाणा भरलेला. एका वेळी तिने मला आत नेऊन दाखवलं. लोंबी तळहातावर घेऊन ती म्हणाली, "हिला बघायचं होतं हे. कॉलेजातनं मैत्रिणींना घेऊन येते म्हणाली होती."

सुधींद्रनी लेख लिहून एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तपासणाऱ्यांचे प्रश्न आले, त्यांत एक होता: पाणी तोडण्याचा काळ तेराच दिवसांचा का? लोक सहसा दहा ठेवतात, नाहीतर चौदा. तेरा कशाच्या आधारावर? तो कागद घेऊन सुधींद्र माझ्यासमोर बसले. एवढं इंग्रजी लिहिणारा माणूस, त्यांना एक ओळ सुचत नव्हती. शेवटी लिहिलं, प्राथमिक निरीक्षणाच्या आधारावर. तेवढं तिकडे पुरलं.

छापून आल्यावर मी त्याची प्रत काढून बसमध्ये शेवंताला दिली. तिने सगळी पानं उलटली, आलेखांवर बोट फिरवलं. "तेरा दिवस कुठं लिहिलंय?" म्हणून विचारलं. मी दाखवलं. मग तिने विचारलं, "पल्लवीचं नाव कुठं नाही न?"

"नाही. सरांच्या मनात होतं, शेवटी आभारात घालावं म्हणून. तुला विचारणार होते."

"नको," ती म्हणाली. "बरं झालं नाही घातलं. लोक वाचतील आणि पान उलटतील."

यापुढचं काम शेतातलं होतं. काचघरातलं भात बाहेरच्या मातीत, बाहेरच्या पावसात कसं वागतं ते बघायचं. त्यासाठी परवानग्या लागतात, एक नव्हे, बऱ्याच. सुधींद्र अर्ज करत राहिले, माहिती पाठवत राहिले. एका ठिकाणचा कागद आला, दुसऱ्या ठिकाणचा आला नाही. कोणी नाही म्हणालं नाही, हो म्हणालं नाही. अशा पिकांना विरोध करणाऱ्यांची मुलाखत वर्तमानपत्रात आली, तीही मी कात्रण करून ठेवली. त्यांच्या शंका अगदीच खोट्या होत्या असं मला वाटत नाही. पण दिवस गेले, आणि प्रकल्पाची मुदत संपली. मुदत संपली की नियमाप्रमाणे त्या खोलीतली झाडं नष्ट करायची. थोडं बी सीलबंद करून थंड पेटीत ठेवायचं, बाकी सगळं उपटून, पिशव्यांत भरून, वाफेच्या यंत्रातून काढून जाळायचं. कुंड्यांतली मातीसुद्धा वाफेतून काढायची.

सुधींद्र तिला म्हणाले, "अक्का, तुम्ही त्या दिवशी सुट्टी घ्या. गोविंद करेल."

"नको," ती म्हणाली. "माझ्या हातानं होऊ दे. दुसरा कोणी ओढून काढेल."

मार्चमधला दिवस होता. मी मुद्दाम गेले होते. उपटायला अकरा वाजता सुरुवात करायची होती. मी दहाला पोचले तेव्हा शेवंता कुंड्यांना पाणी घालत होती, रोजच्यासारखं, बुंध्याशी, पान न भिजवता. सुधींद्र दारात उभे होते.

"आज कशाला, अक्का?"

"सकाळ झाली म्हणून," ती म्हणाली.

मग तिने एकेक रोप काढलं. ओली माती असल्यामुळे मुळासकट सहज येत होतं. मुळांची माती ती कुंडीतच झटकायची, रोप आडवं करून पिशवीत ठेवायची, लोंब्या सगळ्या एका बाजूला. दोन तास लागले. शेवटच्या पिशवीची गाठ सुधींद्रनी मारली. भट्टीपाशी ती आली नाही. रिकाम्या खोलीची फरशी धूत बसली.

सुधींद्र तिला म्हणाले, "बी आहे, अक्का. पेटीत सुरक्षित आहे. कधीतरी कोणी काढेल."

"काढणारं माणूस पाहिजे की, सर," ती म्हणाली.

त्या वर्षीच सुधींद्र दुसऱ्या गावी गेले. आता ते कडधान्यांवर काम करतात. जाण्याआधी कमरीपेठेत जाऊन दोघांना भेटून आले. शेवंताला शोभेच्या झाडांच्या विभागात घातलं. तिथे वही लिहायची नसते. नव्या माणसांनी आतली खोली सामान ठेवायला घेतली आहे.

मधुकरला पाण्याची गोष्ट तिने या सगळ्यानंतर सांगितली. त्यानेच मला सांगितलं, मी एकदा मिक्सरची मोटार घेऊन गेले होते तेव्हा. तार गुंडाळता गुंडाळता, खाली बघत. "तीन वर्षं ती एकटी घेऊन बसली होती. मला म्हणाली असती तर." मग म्हणाला, "पण म्हणाली असती तर मी काय करणार होतो, अक्का? मीपण तिथंच बाहेर उभा होतो. मलापण ऐकू आलं होतं."

मी मोटार तिथेच ठेवून आले. शेवंता आत होती, भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. तिला हाक मारली नाही.

मी आता निवृत्त झाले, बस सुटली. तिची अजून दोन वर्षं आहेत. मागच्या ऑगस्टात पाऊस अठरा दिवस गेला होता. कलघटगीला माझ्या भाचीकडे गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं पेरलेलं भात करड्या रंगाचं झालेलं बघितलं. परतल्यावर शेवंताला फोन केला. बघितलेलं सांगावं असं मनात होतं, पण सांगितलं नाही. तब्येत विचारली. ती म्हणाली, गुडघा दुखतो, बाकी बरं आहे. मग तिनेच आधी फोन ठेवला.